सेन्सरच्या आट्यांवरचं सूत

सत्तरच्या दशकात सोलापुरात इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे पुष्कळ होते. सांगितलेला दोष खरा निघायचा तो माझा. कुणाला हा गर्व वाटला तर वाटो बापडा. अक्कलकोट रोडवरच्या माझ्या गॅरेजात गाड्या उगाच येत नव्हत्या.

त्या दिवशी आली ती परदेशी, लाल, बसकी, दोन दारांची गाडी. हैदराबाद रस्त्यावर ट्रकवाले तिला आधी बाजू द्यायचे आणि मग शिव्या. मालक एका सूतगिरणीचे धाकटे शेठ. ड्रायव्हर अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचे चाचा, थोरल्या शेठांच्या काळापासून त्याच घरी. गाडी थांबायच्या आत शेठ ओरडायला लागले.

भानगड अशी. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा डॅशबोर्डवरचा काटा हलेना. इंजिनात एक पितळी सेन्सर बसवलेला असतो, पाण्याची गरमी तो या काट्याला कळवतो. जुना मेला म्हणून शेठनी विलायतेहून नवा मागवला, चाचांनी तो बसवला, तरी काटा गारच.

"यानं नवा विकला आणि जुनाच परत बसवला," शेठ चाचांच्या तोंडावर म्हणाले. "वस्ताद, हा जुनाच आहे, एवढं फक्त तुम्ही सांगा. मग मी आणि पोलीस बघून घेऊ."

"मी न्हाई वो इकला. कशाला इकू?" चाचा म्हणाले.

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "शेठ, जरा दम धरा. आधी गाडीचं ऐकू, मग माणसाचं." आणि बॉनेट उघडलं.

सेन्सरची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा टुणकन लाल रेघेवर! म्हणजे वायर ठीक, काटाही ठीक. "बघा, सेन्सरच मेलाय, जुनाच आहे," शेठ म्हणाले. घाई फार त्यांना. इंजिन निवल्यावर मी सेन्सर खोलला आणि शेजारच्या हॉटेलातून पातेलंभर उकळतं पाणी मागवलं. सेन्सरला वायर लावली, दुसऱ्या एका तारेनं त्याचं पितळ इंजिनाला जोडलं आणि तो पाण्यात बुडवला. काटा हळूहळू वर चढला. खरं सांगतो, मी चक्रावलो. बाहेर चालतो आणि इंजिनात बसवला की मरतो, हे काय लचांड?

मग त्या जास्तीच्या तारेकडं लक्ष गेलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. सेन्सरच्या आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या पेचांवर, पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. नखानं खरवडलं तर सूत निघालं! अहो, सोलापुरात नळ गळू दे नाहीतर पंप, आम्ही आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा फासणारच. चाचांनी विलायती सेन्सरलाही तेच केलेलं, तांब्याचा वॉशर मात्र काढून ठेवलेला.

"पानी गळू नये म्हनून की," चाचा म्हणाले.

पण या सेन्सरचा करंट आट्यांमधूनच इंजिनाच्या लोखंडात उतरतो. ती वाटच सुतानं बंद झाली होती; पातेल्यात ती माझ्या जास्तीच्या तारेनं उघडली.

आटे पेट्रोलनं धुतले, वॉशर घालून सेन्सर बसवला, रेडिएटर भरला आणि गाडी सुरू केली. थोड्या वेळानं काटा शिस्तीत वर आला आणि मधोमध थांबला.

"जुना मेला होता ना? हा जिवंत आहे. म्हणजे हा तुमचा नवाच," मी शेठना ठणकावून सांगितलं. इतका आनंद झाला म्हणून सांगू मला! चाचांची नोकरी वाचवली की आपण, असंच वाटलं.

शेठ कसले माफी मागतात. "बरं बरं. चल, बस गाडीत," ते चाचांना म्हणाले.

चाचांनी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"आता जातो मी, शेठ. सकाळीच नोकरी सोडनार हुतो. पन तवा गेलो असतो तर चोर पळाला म्हनला असता तुमी."

आणि ते रस्ता ओलांडून अक्कलकोटच्या एसटीची वाट बघत उभे राहिले.