क्लचबाईंच्या गाडीतला कॅमेरा

हॉर्नमामांना हे नाव गल्लीनं दिलं होतं. त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि दुरुस्त झालेली कुठलीही गाडी ते हॉर्न वाजवल्याशिवाय मालकाच्या ताब्यात देत नसत. बल्ब बदललेला असो की बॅटरी, हॉर्न वाजणारच. त्यांच्या बायकोचं नावही असंच पडलेलं. त्या बायकांना गाडी चालवायला शिकवत आणि सकाळपासून त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येई, "क्लच! अहो, क्लच!" म्हणून त्या क्लचबाई.

बाजाराबाहेर उभ्या केलेल्या बाईंच्या गाडीचं मागचं दार कुणीतरी चेपलं आणि पसार झालं. हे कळताच मुलीनं आईला काचेवर लावायचा छोटा कॅमेरा पाठवला. बाईंनी त्याची वायर सिगारेट लायटरच्या भोकात खुपसली. पण किल्ली काढली की कॅमेराही डोळे मिटायचा, आणि गाडी चेपली होती ती उभी असतानाच. शिवाय वायर गिअरजवळ लोंबायची. एका शिकाऊ बाईनं तर घाबरून हँडब्रेकऐवजी तीच ओढली.

"वायरमनच्या घरात लोंबती वायर! लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या. "फ्यूज बॉक्समधून जोडून द्या ना."

"करू की," मामा म्हणाले.

पण ते करीनात. दुसऱ्याची गाडी असती तर तासाभरात मोकळे झाले असते. बाईंनी आठवण केली की मामांना दुकानातलं काहीतरी आठवे.

खरं कारण मामांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना आताशा पिवळा आणि पांढरा रंग वेगळे ओळखू येत नव्हते. फ्यूजवरचे बारीक आकडे तर केव्हाच दिसेनासे झाले होते. दुकानात ते वस्तू दाराशी, उन्हात नेऊन वेळ निभावत. पण स्टिअरिंगखाली ऊन कुठून येणार? नुकताच एका गिऱ्हाइकाच्या वायपरला त्यांनी पिवळ्याच्या जागी पांढरा, म्हणजे जास्त ताकदीचा फ्यूज बसवला होता. वायर तापून वास आला, तसा तो माणूस वेळीच परत आला. "मालच खराब येतो हल्ली," असं म्हणून मामांनी वेळ मारून नेली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. हे लोकांना कळलं तर दुकानाची पायरी कोण चढणार, आणि दुकान नसेल तर आपण कोण, हा विचार त्यांची पाठ सोडीना.

सुट्टीच्या दिवशी बाई टॉर्च घेऊन गाडीपाशी उभ्या राहिल्या. "आज शिकवणी नाही, दुकान नाही. आज सबब चालायची नाही."

मामांचा नाइलाज झाला. त्यांनी आधी टेस्टर लावून दोन जागा हेरल्या: एक किल्ली बंद असतानाही करंट असणारी आणि दुसरी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी. कॅमेऱ्याला दोन्ही लागतात. एकीवर तो रात्रंदिवस जागा राहतो, दुसरीमुळे गाडी चालू आहे की उभी हे त्याला कळतं. मग त्यांनी बॅटरीची काळी केबल सोडवून फडक्यात गुंडाळली. कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडाआड आणि दाराच्या रबराआड सारत खाली आणली. इथपर्यंत डोळ्यांची गरजच नव्हती, बोटांना वाट पाठ होती.

मग ते स्टिअरिंगखाली आडवे झाले. दोन्ही जागांचे जुने फ्यूज त्यांनी उपटले आणि पायपुसण्यावर शेजारी शेजारी ठेवले. आता ते, आणि सोबत कॅमेऱ्याचे नवे छोटे फ्यूज, कॅमेऱ्याच्या वायरीच्या टोकांवरच्या चिमट्यांत घालून ते चिमटे आपापल्या जागी बसवायचे होते. मामांनी एक उचलला. टॉर्चकडे धरला, नाकाशी आणला, खाली ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला उचलला.

"अहो," बाई वाकून म्हणाल्या, "हा पिवळा कशाचा हो?"

"दरवाज्यांच्या लॉकचा."

"आणि हा पांढरा?"

"एसीच्या पंख्याचा."

"म्हणजे आता हा पिवळा बसवायचा?" त्यांनी तो अलगद मामांच्या तळहातावर ठेवला. "आणि हे छोटे लाल कॅमेऱ्याचे, नाही का?"

मामांचा हात थबकला. "आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली. तू फ्यूजबद्दल कधी चकार शब्द विचारला नाहीस."

"आता विचारतेय."

मामांनी फ्यूज मुठीत मिटला.

"कधी कळलं तुला?"

"तुम्हाला पिवळी फुलं आणायला सांगितली होती, तुम्ही पांढरी आणलीत. वर म्हणालात, बघ, कशी पिवळीधमक आहेत!"

"मग बोलली का नाहीस?"

"फुलं छान होती."

मामा उठून सीटच्या कडेवर बसले. "त्या वायपरवाल्याचा माल खराब नव्हता. मीच चुकलो."

"मला वाटलंच होतं. अहो, मोतीबिंदू असेल. काढतात तो."

"आणि डॉक्टरच्या हातून डोळाच गेला म्हणजे?"

"माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी हेच विचारते. गाडी धडकली म्हणजे? मी काय सांगते माहीत आहे?"

"क्लच."

"गप्प बसा! तिला सांगते, बाजूला मी बसलेय. एक ब्रेक माझ्या पायाखाली पण आहे."

मामांनी मान खाली घातली आणि मनगटानं डोळे पुसले. मग बाईंच्या हातातून टॉर्च घेतला. "सरक इकडे. मी सांगतो, तू बसव."

क्लचबाई स्टिअरिंगखाली शिरल्या. आधी डोकं आपटलं, मग कोपर.

"वरच्या ओळीत, डावीकडे. अगं, ठोकतेस काय, खिळा आहे का तो? अंगठ्यानं दाब."

"ओरडू नका. मी शिकाऊ आहे."

"कट्ट आवाज आला?"

"आला."

"मग बसला. आता पांढरा."

कॅमेऱ्याची काळी, अर्थिंगची वायर डॅशबोर्डाखालच्या बोल्टला घट्ट बांधून झाली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, आणि कॅमेऱ्याचा दिवा लागला. किल्ली काढल्यावरही तो लुकलुकत राहिला. गाडीत कुठे वायरीचा मागमूस नव्हता.

मामा बाजूच्या सीटवर येऊन बसले. "चल, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन येऊ. पण आधी वायपरवाल्याकडे घे. त्याला खरं काय ते सांगायला हवं."

त्याच्या घरासमोर गाडी थांबली, तरी मामा उतरेनात. बाईंनी घाई केली नाही. पहिल्यांदाच स्टिअरिंगवर बसलेल्या बाईलाही त्या असाच हवा तेवढा वेळ देत. थोड्या वेळानं मामांनी आपणहून दार उघडलं.