वरणाच्या तळाशी

आमच्या थोरलीचा काळा करदोटा मला अजून स्वप्नात दिसतो. कमरेवरून घसरून मांडीवर आलेला. मी तो वर सरकवते आणि तो पुन्हा खाली येतो, जसा काही पाण्यात बांधलाय.

डोंबिवलीत तेव्हा आमच्या चाळीमागे थेट भातखाचरं होती. दुपारी इतकं शांत असायचं की विहिरीच्या रहाटाची कुरकुर घरात ऐकू यायची. स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. मी जेमतेम एकोणीसची, थोरली आठ महिन्यांची. सहाव्या महिन्यात उष्टावण केलं, अंगठीने खीर चाटवली, आणि मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिला वरणाचं निवळ सुरू झालं. म्हणजे काय, तर मुगाचं वरण शिजलं की ढवळायचं नाही. डाळ तळाशी बसू द्यायची आणि वरचं पिवळं पाणी पळीने अलगद काढून बाळाला पाजायचं. सत्त्व सगळं पाण्यात उतरतं, असं सासूबाई म्हणत. डाळ जड, तान्ह्या पोटात वात धरते. खालची डाळ आम्ही मोठी माणसं भातावर घ्यायचो. मीही घेतली, खोटं कशाला बोलू? तूप घालून घेतली.

पोर पाणी प्यायची आणि रिकाम्या वाटीकडे बघत रडायची. लंगोट बघावा तर शी पातळ. सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळायच्या. मला वाटायचं, ही दिवसेंदिवस विरत चाललीय. उन्हात धरली तर हिच्यातून पलीकडची खाचरं दिसतील.

खाडीकडच्या गावातून एक म्हातारी भाजीवाली यायची. एका सकाळी पाटी उतरवून तिने थोरलीला उचललं, करदोट्यात चार बोटं घातली आणि विचारलं, "काय खायाला घालतां हिला?"

मी निवळाचं सांगितलं.

"म्हंजे डाल तुमी खातां नि पानी पोरीला पाजतां?"

आतून सासूबाई आल्या. "तुमच्या पोरांची पोटं लोखंडाची हो. आमची नाजूक."

"लोखंडाची कशाला गो आजी? मूग मोडवून, भाजून, दलून घालतो आमी. म्हशीला तरी पेंड घालतां ना? का तिलापन पानीच?"

"मेथीची जुडी ठेव आणि नीघ!"

ती हसत गेली. पण त्या दिवशी मी भातावर डाळ घेतली नाही.

मी मूग भिजवले. सासूबाईंना वाटलं, उसळीला. अर्ध्यांची उसळ केलीच. उरलेल्यांना फडक्यात मोड आणले, माळ्यावर सावलीत वाळवले. पुढच्या एकादशीला सासूबाई कीर्तनाला गेल्या आणि मी तवा चढवला. मूग भाजल्याचा तो वास, काय सांगू, ओल्या अंगणावर ऊन पडावं तसा. चोळून, सुपात पाखडून सालं उडवली. मूठभर भाजलेले तांदूळ घातले आणि जात्याशी बसले. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हात पीठ तरंगत होतं. थोरली त्याला पकडायला हात उचलत होती. त्या दुपारी आम्ही दोघी कुठल्या तरी ढगात बसलो होतो, असंच मला आठवतं.

पिठाची पेज रटरटून शिजवली. पहिल्या दिवशी दोनच चमचे भरवले, जीव मुठीत धरून. तिने तिसऱ्यासाठी आ केला.

मग रोज चोरून, हळूहळू वाढवत. आठवड्याभराने सासूबाई मोरीतून लंगोट हातात घेऊन बाहेर आल्या. घरात लंगोट त्याच बघायच्या, जसा वैद्य नाडी बघतो.

"शी अशी बांधून कशी झाली? काय घालत्येस तिला?"

मी पिठाचा डबा पुढे केला. त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता डबा जातो खाचरात.

"माझा पहिला अकरा महिन्यांचा होऊन गेला," त्या म्हणाल्या. "त्यालाही मी निवळच पाजलं. चांगलं म्हणून पाजलं गं." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "जाडसर दळलंयस. उद्या मी बसते तुझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी जात्याच्या खुंट्याला दोन हात लागले, एक माझा, एक त्यांचा. भाजीवाली आली तेव्हा सासूबाईंनी तिला आपणहून चहा दिला. मात्र बोलल्या एवढंच, "तुझी मेथी कडू होती हो."

"औषद कडूच असतंय, आजी."

मधले महिने मला नीट आठवत नाहीत, नुसता तो भाजका वास आठवतो. एका सकाळी थोरलीला न्हाऊ घालताना पाहिलं, तर करदोट्याचा पोटावर वळ उठलेला. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी दोरा कापला, नवा घेतला, कमरेभोवती फिरवला आणि गाठ मारायच्या आधी मला म्हणाल्या, "बोट घाल मध्ये. दोन घाल. वाढायला जागा राहू दे."

मी बोटं घातली. खाली तिचं पोट तट्ट, ऊबदार, वरखाली होत होतं.