बग्गी आमचीच

आमच्या गौरीचं लग्न ठरलं तेव्हा मी अर्धा बग्गीत आणि अर्धा बग्गीबाहेर होतो.

पुण्याचे पाहुणे आले होते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. उरला होता फक्त मुलाच्या वडिलांचा, देशपांड्यांचा होकार. कचोरी खाता खाता ते म्हणाले, "इंदूरला ज्याला विचारावं त्याचे पणजोबा सरदारच निघतात." हे मला झोंबलं. सगळ्यांना घेऊन मी तडक जुन्या गाड्यांचं म्युझियम गाठलं.

तिथे पितळी दिव्यांच्या मोटारीशेजारी आमची बग्गी उभी आहे. (आमची म्हणजे संस्थानची. पण पणजोबा तिच्यातूनच दरबारात जात, असं आमच्या घरात सगळे सांगतात.)

"पुरावा काय?" देशपांड्यांनी विचारलं.

"सीटखाली त्यांनी नाव कोरलंय, अभी दिखाता हूं," म्हणत मी दोरी ओलांडून आत शिरलो. बायको "अहो" म्हणेपर्यंत मागे दार लागलं. आतून कडी नव्हती, बाहेरची फिरेना आणि नावही सापडेना. मग खिडकीतून निघायचं ठरवलं. डोकं आलं, हात आले, पोट काही आलं नाही.

गार्ड धावत आला. "भिया, ये क्या कर रिये हो? माफी लिख के दो, नहीं तो थाने फोन लगाता हूं."

"अपनी बग्गी में बैठने की माफी? नहीं लिखूंगा," मी लटकल्या लटकल्या ठणकावलं. लोक फोटो काढायला लागले. मी मान ताठ ठेवली. (तेवढीच हलत होती.)

"बाबा, लिहून द्या ना, प्लीज," गौरी रडकुंडीला आली. "माझं लग्न मोडेल."

"मोडलं तर मोडलं. पणजोबांना मी खोटं पाडणार नाही."

देशपांड्यांनी शांतपणे चष्मा खिशात ठेवला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "पोट आत घ्या." मी सुटलो तो थेट त्यांच्या गळ्यात, आणि दोघेही फरशीवर बसलो.

"झाली व्याहीभेट," बायको म्हणाली आणि गार्डकडे माफी लिहायला गेली. देशपांडे इतके हसले की नकार द्यायला त्यांच्यात दमच उरला नाही.

साखरपुड्यात मात्र त्यांनी चारचौघांत विचारलंच, "नाव सापडलं होतं का हो?"

नव्हतं सापडलं. तरी सांगतो, बग्गी आमचीच. परक्या माणसाला कुणी एवढं घट्ट धरून ठेवतं का?