गजाननची फटफटी अन् अनसिंगची पोरगी

वाशीमकडच्या मालेगावात रामदास मिस्त्रीच्या गॅरेजवर आमी जुन्या फटफटीवाले रोज जमतो. आमच्या गाड्या चालतात कमी अन् बिघडतात जास्त, मंग किस्से साचणारच ना! एकानं सुरू केलं की चहा गार होऊन जाते.

आमच्यातले वसंतराव रिटायर मास्तर. त्यायच्या डोक्यात कोणी तरी भरवलं, की ऑईल पंप गेला की तेल वर चढत नाई, अन् चालती गाडी जागेवर जाम होते. झालं! गाडीवर चादर, चादरीवर ताडपत्री. परवा छाती फुगवून म्हणाले, "पाहा, चार वर्षांत पंपाले काहीच झालं नाई!"

रामदास म्हणाला, "सर, चालवता कवा?"

"चालवली तर झिजन ना, बावा!"

* * *

किन्हीराजा गावच्या गजाननचं दुखणं वेगळं. पस्तिशी आली, लगन नाई. पोरीवाल्यायले नोकरी पाहिजे, याच्याजवळ सोयाबीन अन् आजोबाची फटफटी.

दसऱ्याले त्याच्या मायनं गाडीची पूजा केली. हळद-कुंकू झालं, अन् इंजिन ऑईलच्या टाकीचं झाकण उघडून अक्षताही आत टाकल्या! म्हणे, "पोटात गेलं की देव पावन, लेकाले बायको भेटन."

दुसऱ्या दिवशी वाशीम रोडवर मागचं चाक जाम, अन् गजानन थेट तुरीत! रामदासनं पंप खोलला तर आत तांदूळ. गजाननं ते दाणे नेऊन मायले दाखवले. मायनं निरखून पाह्यलं.

"इंजिन लय तापते म्हणतो ना तू? मंग हे शिजले काहून नाई?"

* * *

रामदासनं नवा पंप बसवला अन् बजावलं, "सुरू केली की झाकण उघडायचं, तेल फिरून येते का पाह्याचं, मंगच निघायचं." गजाननं हे असं धरलं, की एका ठिकाणी पोरगी पाह्याले गेला तर दारातच झाकण उघडून बसला, अन् त्याच काळ्या हातानं पोह्याची बशी घेतली.

पोरीच्या आजीनं विचारलं, "वय कोणाचं जास्त हाय, पोराचं का गाडीचं?"

नकार आला. त्या दिवशी त्याची माय लय रडली. मलेही वाईट वाटलं.

* * *

मंग अनसिंग गावचं स्थळ आलं. गजाननच्या मामानं सांगूनच टाकलं होतं, "हे शेवटचं. यापुढं मी दारोदार फिरणार नाई." आमी म्हणलं, "कोणाची कार घेऊन जा लेका!"

"लपवून लगन कायले करू?" म्हणाला. मी मागं बसलो. निघता निघता उशीर झाला, त्या गडबडीत तेल पाह्याचं राह्यलं. अन् पोरीच्या दारासमोरच खाट्! इंजिन जाम.

पोरीचा बाप ओसरीतून ओरडला, "घाला लाथ अन् टाका भंगारात!"

गजाननं क्लच दाबून गाडी लिंबाखाली ढकलली, इंजिन थंड होऊ देल्लं, हात धुतले अन् आत आला. मी मनात म्हणलं, गेलं हेही स्थळ.

पोहे झाले. शेती किती, बोअरले पाणी किती, सारं इचारून झालं. आधीच येऊन बसलेला मामा म्हणाला, "पोरीले काही इचारायचं असन तर इचारू द्या."

पोरगी म्हणाली, "गाडीले लाथ काहून नाई मारली?"

गजानन गोंधळला. "तिची काय चूक? तेल पाह्याले मीच इसरलो."

पोरीनं एकदा बापाकडं पाह्यलं, मंग दाराआड उभ्या मायकडं.

"आई," ती म्हणाली, "मले हाच पोरगा पाहिजे."