दगाच्या गळ्यावरचं केळं

सुपडू उस्तादाला रस्त्यात पाहिलं तर हा कोणाचा उस्ताद असेल असं तुम्हाला वाटणार नाही. किरकोळ बांधा, बंडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि चालणं असं की समोरून शेळी आली तरी हाच बाजूला होईल. इतवारा मोहल्ल्यात आमच्या घरासमोर त्याचा आखाडा. माझी मुलगी भूमिका त्याच्याकडे लाठी शिकली, आणि मी हे सगळं वर गॅलरीत भाजी निवडत फुकटात पाहिलं.

पोटासाठी तो केळीची कटाई करायचा. निंबोल्याच्या मळ्यात सुपडूने कोयत्याने घड सोडवायचा आणि दगाने तो खांद्यावर झेलायचा. दगा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, थोडा मिजाशीतला. कोयता कानाजवळून जात असताना हा माणूस आपल्या बायकोच्या, गोदाबाईच्या, तक्रारी सांगत असायचा. मान जरासुद्धा हलवायचा नाही.

आखाड्यात सुपडूचा एक हट्ट होता. कोणाला काय येतं ते मातीतच पाहायचं, लाठीला चिंध्या गुंडाळून, आणि समोरच्याने हो म्हटल्यावर. त्याने हात वर केला की तिथेच थांबायचं. एकदा भूमिका शाळेत भांडून तणतणत आली, तर त्याने तिच्या हातात लाठी न देता झाडू दिला.

"आज तुले खेळायचं नाही, आज तुले मारायचं आहे," तो म्हणाला. "तो हात अलग असते, बेटा. जा, माती झाड."

ती घरी येऊन रडली. मी मनात म्हटलं, बरं झालं.

वर्षातून एकदा मात्र हाच माणूस सगळ्या इतवाऱ्याचा श्वास रोखून धरायचा. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत, भर चौकात, दगा सतरंजीवर उताणा झोपायचा. त्याच्या गळ्यावर एक केळं ठेवायचं. सुपडूच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि तलवारीच्या एका वारात केळ्याचे दोन तुकडे. मग दगा उठून ते केळं लोकांकडे बघत खायचा. टाळ्या सुपडूपेक्षा त्यालाच जास्त पडायच्या, आणि ते सुपडूला फार आवडायचं.

पण त्याआधी परीक्षा असायची, आणि ती सुपडू स्वतःची घ्यायचा. मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात केळीच्या ताज्या खांबाचा तुकडा फळीवर आडवा ठेवायचा, त्यावर केळं, डोळ्यांवर पट्टी. केळं तुटलं पाहिजे आणि खांबाला ओरखडाही जायला नको. आणि निकाल लगेच नाही. खांब रात्रभर तसाच ठेवायचा. केळीला सुई टोचली तरी चीक येतो, आणि सकाळपर्यंत तो काळा पडतो. संध्याकाळी जे दिसत नाही ते सकाळी दिसतं.

तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी सगळ्यांनी खांबावरून हात फिरवला आणि पास केलं. दगा म्हणाला, "देखा? मख्खन!" सकाळी मी गॅलरीत आले तर सुपडू त्या खांबाशेजारी एकटाच बसलेला. मी खाली गेले. त्याने बोट ठेवून दाखवलं. केसाएवढी काळी रेघ होती.

"दोन बोटं बधिर राहतात, ताई, होळीपासून," तो म्हणाला. "मले वाटलं कोयत्याचा थकवा आहे. दगाचा गळा याच्यापेक्षा नरम आहे."

त्याच दिवशी त्याने सगळ्यांना सांगून टाकलं की हात गेला, यंदापासून केळं नाही. पण आमच्या गावाला दुसऱ्याच्या गळ्याची भारी हौस. हात गेला कसा? कालच तर पोरांना लाठी शिकवत होता. मग पानाच्या ठेल्यावर निकाल लागला: दगा घाबरला, आणि उस्ताद दोस्तावर पांघरूण घालतोय. सुपडू ठेल्याठेल्यावर जाऊन सांगत राहिला, आणि तो जितकं सांगेल तितकी लोकांची खात्री होत गेली. माझा असा संताप झाला की मी त्या पानवाल्याशी बोलणंच सोडलं.

दगा आखाड्यात आला तेव्हा त्याचा मोठा आवाज बसलेला होता.

"केळीचा खांब बोलला अन् तू ऐकलं? मी इतके साल गळा दिला, मी काहीच नाही? लोक काय बोलून राहिले, तुले मालूम आहे ना?"

"मालूम आहे."

"मग एक बार कर. फक्त एक बार. मी मेलो तर माह्या मर्जीनं मेलो."

"मरशील तुह्या मर्जीनं," सुपडू म्हणाला. "पण मारीन तर मी, दगा."

दगा पायऱ्या उतरून गेला.

मिरवणुकीच्या दिवशी आखाड्याने नुसत्या लाठ्या फिरवल्या. लोक कुजबुजत होते. तेवढ्यात दगा पांढरा नवा कुर्ता घालून गर्दीतून आला, त्याने स्वतः सतरंजी अंथरली, उताणा झोपला आणि खिशातलं केळं काढून गळ्यावर ठेवलं. डोळे मिटले. ताशेवाले थांबले. मागून कोणीतरी सुपडूच्या हातात तलवार दिली.

आमच्या ओट्यावर गोदाबाई उभी होती, तोंडात पदर कोंबून.

सुपडूने तलवार आपल्या थोरल्या शागिर्दाला, हर्षलला, दिली आणि म्यानात घालायला सांगितली. मग तो दगाजवळ गुडघ्यावर बसला, आणि दोन्ही हातांनी, अगदी सांभाळून, ते केळं उचललं.

"उठ दगा. घरी चल."

गर्दीतून शिट्टी आली. कोणी ओरडलं, "अरे, दोनो डर गये!" आणि हशा पिकला. गोदाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. ते रडू सुटकेचं होतं की लाजेचं, मला विचारवलं नाही. दगा उठला. कुर्त्याची धूळ त्याने झटकली नाही.

"उद्यापासून घडासाठी दुसरा खांदा पाहा," तो म्हणाला, आणि गेला.

दगा दुसऱ्या टोळीत लागला. सुपडूची बोटं पुढे कोयताही धरेनात. आता सकाळी तो आखाड्याच्या पायरीवर चहाचा कप डाव्या हातात धरून बसतो. कटाईची गाडी आमच्याच गल्लीतून जाते. मागे मजुरांत दगा उभा असतो, आणि आखाडा आला की तोंड फिरवतो. एकाही सकाळी त्याने चुकूनसुद्धा पाहिलं नाही.

परवा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, बोथट तलवार घेऊन उरकलं असतं एकदा, तर दोघांचं राहिलं असतं. कोणाला कळलं असतं?

"दगाले कळलं असतं," तो म्हणाला. तेवढ्यात गाडी आली आणि गेली. तो वळणापर्यंत बघत राहिला. मग बंडीच्या बाहीला डोळे पुसले, माझ्यादेखत.

"पाहत नाही तो माह्याकडे. रोज रडू येते, तुमच्यापासून काय लपवू," तो म्हणाला. "पण गाडीत असते ना, ताई. रोज असते."