फक्कीच्या घरातली दुपार

ये गं बारके, अशी जवळ सरक, निदान कागदावर तरी. सात वर्षं झाली, मे महिन्यात माझ्याकडे फिरकली नाहीस. म्हणे, "ताई, मी दिवाळीला येते." दिवाळीला काय, कुणीही येतं. सख्ख्या बहिणीनं असं करावं का?

तुझंही खोटं नाही म्हणा. दापोडीच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत तू डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दोन दिवस काढलेस आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी उचललीस. तेव्हाच मी ठरवलं, चिखलीच्या प्लॉटवर घर बांधायचं ते असं, की बारकी मे महिन्यात येऊन पांघरूण मागेल.

इंजिनीअरनं नकाशा दिला. आमचे हे पडले टूलरूममधले, रिटायर झाले तरी कंपनी काही डोक्यातून जात नाही. म्हणाले, "साधा डाय-साचा असला तरी ट्रायल घेतल्याशिवाय पास करत नाहीत. हे तर घर आहे." मग काय, यांनी फक्की आणली आणि मोकळ्या प्लॉटवर अख्खं घर पांढऱ्या रेघांनी आखलं, अगदी मापात. वर मंडपवाल्याचं कापड ताणलं. हॉलमध्ये बाज, स्वयंपाकघरात मी, बेडरूममध्ये थोरला आणि सूनबाई चटईवर. वारा कुठून येतो ते बघायला प्रत्येक खोलीत एकेक उदबत्ती. भर मे महिन्यातली दुपार ती.

मी पाणी घेऊन निघाले तर हे ओरडले, "अगं, भिंतीतून कुठं चाललीस? दारानं ये." आले बाई दारानं. तेवढ्यात टँकरवाला आला नि विचारतो, "मावशी, घर कुठंय?"

"तू हॉलमध्येच उभा आहेस, बाबा. चपला काढ."

त्यानं काढल्या गं खरंच, आणि तापलेल्या मातीत पाय पोळले म्हणून नाचत बाहेर गेला. तोही दारानंच.

अर्ध्या तासात सगळे घामानं निथळले. स्वयंपाकघरातल्या उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, बेडरूममधला तर जागच्या जागी जसा झोपलाच. पण पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या उदबत्तीचा धूर आडवा पळत होता. शेजारच्या दोन शेडच्या मधल्या बोळातून तिथं असा वारा येत होता, की विचारू नकोस. एकेक जण चटई घेऊन तिकडे सरकला. शेवटी मीही गेले. कोपरा कसला, तर नकाशातला संडास. सहा बाय चार, आणि आम्ही चौघं आत.

ऊन उतरल्यावर इंजिनीअर आला. "काका कुठायत?"

"संडासात झोपलेत," सूनबाई म्हणाली. तो बिचारा पाठ करूनच उभा राहिला.

संडास पूर्वेला हलवायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण लागलं ते त्या कोपऱ्यात होणाऱ्या खोलीवरून. हे म्हणाले, "माझी दुपारची झोप." थोरला म्हणाला, "पप्पा, नाइट शिफ्ट मी करतो, दिवसा मी झोपायचं का नाही?" मी म्हटलं, "खोली बारकीची. नाही तर स्वयंपाकघराच्या रेघा मी आत्ताच पायानं पुसते."

आता घर उभं आहे. तुझ्या खोलीची खिडकी मुद्दाम खाली घेतली, बाजेवर आडवं पडलं की वारा थेट तोंडावर येतो. समोरच्या भिंतीत दुसरी, वारा बाहेर जायला. वरून तीन फुटी छज्जा, म्हणजे चारचं ऊन आत येत नाही. गच्चीवर पांढरा चुना मारलाय.

पण बारके, खोली माझ्या हातातून चाललीय. हे पेपर वाचायला म्हणून जातात ते घोरायला लागतात. सूनबाईला कैऱ्या तिथंच किसायच्या असतात. काल थोरल्यानं उशी नेऊन ठेवली. मी म्हटलं, "ही मावशीची खोली." तर मला म्हणतो, "कोणती मावशी? दिवाळीतली?"

उशी मी बाहेर आणलीय, पण रोज किती भांडू? या शनिवारी ये. चांगली आठवडाभर राहायच्या तयारीनं ये आणि आल्या आल्या त्या बाजेवर जाऊन पड. हातपाय नंतर धू.