पिक्चरमधलं मरण आणि अनंता भोपी

“अरे, गोली लागली तरी दस मिनट भाषण देतो! असा मरतो का कोणी?” लालवानीकाका म्हणाले.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत रविवारची बैठक रंगली होती. काकांचं उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. दर रविवारी ते आमच्या अंबरनाथच्या घरी एक जुनी आणि एक नवी कॅसेट घेऊन यायचे. आधी पिक्चर, मग त्यावरून पप्पांशी भांडण. त्या दिवशीचा नवा पिक्चर युद्धाचा होता.

“जुन्या पिक्चरमध्ये तर गाणं म्हणत मरायचे,” पप्पा म्हणाले. “तेव्हा रुमाल काढून रडायचास.”

“वो गाना अच्छा था, साईं!”

माझं मत कोणी विचारलं नाही. मी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे फोन-वायरलेस सांभाळणाऱ्या दलात, लेफ्टनंट होते आणि सुट्टीवर आले होते. त्या काळी फौजेत मुली नव्यानेच जाऊ लागल्या होत्या. घरी मी फौजेबद्दल बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत लांब वाक्य बोलायचं तर मी आधी मनात जुळवून बघते, तोवर विषय बदललेला असतो.

दाराशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, हातात कापडी पिशवी.

“हितं फौजेतली बाय ऱ्हाते ना? मी अनंता भोपीची आई.”

पप्पांनी टीव्ही बंद केला. त्यांना अनंताचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

लान्स नाईक अनंता भोपी माझ्या प्लाटूनचा लाइनमन होता. आमचं युनिट उत्तरेला पहाडात होतं. पुढच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची केबल टाकणं आणि तुटली की जोडणं, हे त्याचं काम. मी पोस्टिंगवर रिपोर्ट केलं त्या दिवशी त्याने सॅल्यूट करून विचारलं, “मॅडमसाब, अंबरनाथच्या ना? मी बारवी धरणाकडच्या पाड्याचा. म्हणजे आमचं पाणी तुम्ही पिता.” युनिटमध्ये सगळं बोलणं हिंदीत चाले. ड्यूटी संपल्यावर तो माझ्याशी मराठीत बोले आणि माझं मराठी ऐकून हसू दाबे.

रविवारी दुपारी गाड्यांच्या शेडमध्ये पिक्चर दाखवत. जागा कमी, त्यामुळे निम्मे जवान पडद्याच्या मागे बसायचे. तिथून हिरो डाव्या हाताने सॅल्यूट करताना दिसायचा. पिक्चर फौजी असला की जवानांचा एकच खेळ: चुका पकडायच्या. त्यात अनंता उस्ताद होता. सोमवारी सकाळी फॉलइनला रांगेत उभं राहण्याआधी त्याचा रिपोर्ट तयार असे.

“मॅडमसाब, कालच्या कॅप्टनने डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट मारला. वर केस कानाखाली. क्वार्टर गार्डच्या कोठडीत टाकायला पाहिजे.”

“आणि गेल्या आठवड्यातला जुना पिक्चर?”

“त्यात चूक नव्हती. त्यात फौजीच नव्हता.”

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी पिक्चर अर्ध्यावर असताना पुढच्या पोस्टची लाइन डेड झाली. तीन दिवस बर्फ पडत होता. सकाळपासून वायरलेसवरही नुसती खरखर होती. पोस्टवर एक जवान तापाने फणफणलेला, आणि डॉक्टर त्याच लाइनवरून औषध सांगत होते. कमांडिंग ऑफिसरांनी लाइन जोडायला पार्टी पाठवायला सांगितलं. अनंता आणि त्याचा एक साथी निघाले. सिग्नल सेंटरला ड्यूटी ऑफिसर मी होते.

चारच्या सुमारास लाइन जोडली गेली. अनंताने तिथूनच टेस्टिंग केलं. आमचं बोलणं झालं. फोन माझ्या कानालाच होता, तेवढ्यात वरच्या उतारावरचा बर्फ घसरला आणि लाइन पुन्हा गेली. साथी मागे दूर होता, तो वाचला. अनंताला संध्याकाळी बाहेर काढलं. मान मोडली होती. डॉक्टर म्हणाले, त्याच क्षणी गेला. लाइन दुसऱ्या पार्टीने सकाळी पुन्हा जोडली. पोस्टवरचा जवान बरा झाला.

पाड्यावर सरकारी भाषेत कळवलं गेलं: कर्तव्य बजावताना, बर्फाखाली. शवपेटी घेऊन दुसरे अधिकारी गेले होते.

अनंताच्या आईने पाणी घेतलं, चहा घेतला नाही. पिशवीतून वालाच्या शेंगा काढून पप्पांपुढे ठेवल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“मना येकच इचारायचा हाय, बाय. गनपतीला पाड्यात व्हिडिओ लावलेला. फौजेचा पिक्चर. त्यान तो पोर बर्फात पडून आईला हाका मारतं. मारतं, मारतं, कोन ऐकत नाय. तवापास्ना मना झोप नाय. डोला लागला का हाक येते.” त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. “माजा अनंता किती वेल हाका मारत व्हता? खरा सांग.”

लालवानीकाका माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, “बेटी, बोल दे. एक बार मां का नाम लिया और चैन से गया. मां है, उसको इतना चाहिए.”

“लालवानी, थांब जरा,” पप्पा म्हणाले.

एकदाच नाव घेतलं, असं सांगितलं असतं तर त्या समाधानाने गेल्या असत्या, काही दिवसांपुरत्या. पण ती एक हाकही त्यांनी रोज रात्री ऐकली असती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“हाका नाही मारल्या, मावशी. एकही नाही. मी शेवटपर्यंत लाइनवर होते, सगळं ऐकत होते. त्याने तार जोडली आणि म्हणाला, ‘लाइन ओके, मॅडमसाब, बोलके देखिए.’ मी म्हटलं, आवाज साफ आहे, परत या. तो ‘आलोच’ म्हणाला. मराठीत. आणि हसला. त्याला काही कळायच्या आत झालं. तुम्हाला जी हाक ऐकू येते, ती पिक्चरमधली आहे, मावशी. अनंताची नाही.”